देशाचं नाव न घेता

शाळेतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते आणि मी घरात नवऱ्याला भूगोल शिकवायला लागले होते. ते रेल्वेच्या कारखान्यातून माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेले, स्वभावानं शांत. एका सकाळी उप्पिट खाता खाता मी त्यांना खारे वारे दिवसाच का वाहतात ते सांगत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"अग, तुझं ऐकायला मी एकटा साकु होत नाही बघ," ते म्हणाले. "स्वल्प बाहेर जा. जास्त माणसं असतील तिथं बोल."

आमच्या घरातलं मराठी असंच आहे; साकु म्हणजे पुरेसा, स्वल्प म्हणजे जरा. आजोबांच्या वेळेपर्यंत आमच्याकडे कापड रंगवून त्यावर छाप मारायचे. वडिलांनी ते सोडून कारकुनी धरली आणि मी मास्तरीण झाले. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात इतक्या पिढ्या काढल्यावर एका वाक्यात चार शब्द मराठी, तीन कन्नड आणि क्रियापद ज्याला जे आधी सुचेल ते. पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या आमच्या भाडेकरू बाई पहिले सहा महिने आमच्याशी इंग्रजीत बोलत होत्या. मी लिहितेय ती भाषा दिवाळी अंकांतून शिकलेली आहे, तोंडातली नाही.

बाहेर जायची जागाही नवऱ्यानंच शोधली. त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या टोळक्यात एक प्राध्यापक होते. एका कॉलेजच्या आवारात सायकल स्टँडच्या मागे दोन खोल्यांचं छोटं रेडिओ केंद्र होतं, त्याचे ते संचालक. त्यांना जगाविषयी कार्यक्रम सुरू करायचा होता. भूगोल शिकवलेली, कन्नड स्वच्छ बोलणारी आणि मानधन न मागणारी बाई हवी होती. तिन्ही अटींत मी बसले.

कार्यक्रमाचं नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, 'मनेबागिलिगे जगत्तु', म्हणजे घराच्या दारात जग. दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता अर्धा तास. जगातल्या संस्कृती, संगीत, खाणंपिणं आणि जागतिक प्रश्न, अशी आळीपाळीनं चार आठवड्यांची वाटणी. स्टुडिओच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून वसतिगृहातल्या टाकाऊ गाद्या लावलेल्या होत्या. तिथं बसून जगाविषयी बोलताना विद्यार्थ्यांच्या झोपेचा वास यायचा.

"आपला आवाज कुठवर जातो, सर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"रिंग रोडपर्यंत स्पष्ट," संचालक म्हणाले. "पुढे खरखर. चामुंडी टेकडीच्या मागे काही नाही."

"म्हणजे नंजनगूडला जग पोचणार नाही."

"मेडम, आधी म्हैसूरला पोचू दे."

मग त्यांनी नियम सांगितला. अशा छोट्या केंद्रांना बातम्या देता येत नाहीत, अशी परवान्यात अट होती. संचालक जपून वागणारा माणूस. एखाद्या देशाचं नाव घेतलं आणि त्या आठवड्यात तिथं काही घडलेलं असलं, तर ते बोलणं बातमी ठरेल, अशी त्यांना भीती. म्हणून जागतिक प्रश्नांच्या गुरुवारी कुठल्याही देशाचं नाव घ्यायचं नाही.

"नाव न घेता जागतिक प्रश्नावर कसं बोलायचं?"

"एक मोठा देश म्हणायचं. एक लहान देश म्हणायचं. आम्ही बँकॉकला असताना तिथंही सगळे असंच बोलत होते."

बँकॉकला ते चार दिवसांच्या परिषदेला गेले होते. त्या चार दिवसांत त्यांनी जगाविषयी जेवढं पाहिलं, तेवढं मी तीस वर्षं नकाशा दाखवूनही शिकवू शकले नव्हते, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटे. मी स्वतः म्हैसूरहून निघून सर्वांत लांब गेले ती कोल्हापूरला, नणंदेच्या मुलीच्या लग्नाला.

संस्कृतीच्या पहिल्या गुरुवारी नवऱ्याच्याच फिरण्याच्या टोळक्यातले एक निवृत्त इंजिनियर आले. मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले. मी त्यांना विचारलं, तिथल्या माणसांच्या जगण्यात तुम्हाला काय वेगळं दिसलं. ते मनापासून बोलले. मंगळवारी पुठ्ठा, गुरुवारी काच, शनिवारी पाला. डबे कुठल्या रंगाचे, झाकण कुठल्या बाजूला उघडतं, भांडी यंत्रात घालण्याआधी किती धुवायची. एकवीस मिनिटं झाल्यावर मी विचारलं, "शेजारी कोण राहत होतं?"

"दिसलं नाही कोणी," ते म्हणाले. "पण त्यांचे डबे फार नीट असायचे."

खाण्याच्या गुरुवारी इटलीची एक तरुणी आली. आमच्याकडे योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांची गोकुळम भागात मोठी वस्ती आहे, त्यातली. कॉटनची साडी, कपाळाला विभूती. सूत्रसंचालन मी कन्नडमधून करायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मी ते कन्नडमध्ये करून सांगायचे. मी विचारलं, तुझी आई रविवारी घरी काय करते. ती म्हणाली, टोमॅटो, कांदा, लसूण हे तिनं स्वतः सोडलं आहे आणि आईबद्दल सध्या ती बोलत नाही. मग तिनं मुगाच्या खिचडीची कृती सांगितली. ती संपल्यावर पुरंदरदासांच्या काळातलं असावं असं एक भजन म्हटलं, चांगलं म्हटलं. श्रोत्यांना ते इतकं आवडलं की इटलीत सगळे खिचडी खातात असा आमच्या गल्लीत समज झाला. शेजारच्या बाईंनी मला भाजीवाल्यासमोर सांगितलं, "बघा, तिथंसुद्धा आपलंच."

संगीताच्या गुरुवारी टांझानियाचा एक विद्यार्थी होता, कॉम्प्युटर शिकायला आलेला, लाजरा. संचालकांनी त्याला दारातच विचारलं, ड्रम कुठे आहे. त्यानं सांगितलं, मी ड्रम वाजवत नाही, चर्चमध्ये की-बोर्ड वाजवतो. संचालक उदास झाले. त्यानं एक स्तोत्र म्हटलं, डोळे मिटून, आणि गादीच्या भिंतीच्या त्या खोलीत मला क्षणभर खरंच कुठेतरी लांब गेल्यासारखं वाटलं. रविवारी पुनःप्रसारण ऐकलं तर संचालकांनी मागे पावसाचा, पक्ष्यांचा आणि एका सिंहाचा आवाज घातलेला. सोमवारी तो मुलगा मला बस स्टँडवर भेटला. म्हणाला, "मेडम, आमच्या चर्चमध्ये सिंह येत नाही." मी त्याची माफी मागितली. तो हसला, पण पुन्हा आला नाही.

पाच-सहा महिन्यांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. परदेशी माणसाला बोलवावं तर तो भारताबद्दल बोलायचा, आणि भारतीय माणसाला बोलवावं तर तो परदेशाबद्दल. आपापल्या घराविषयी बोलायला कोणी तयार नव्हतं. मी हे घरी बोलून दाखवलं. नवरा म्हणाला, "तू तरी काय सांगतेस घरचं? आपल्याकडे आज डाळीची हुळी खारट झाली ते सांगितलंस काय?"

मग कार्यक्रमाला वर्ष होत आलं तेव्हा तो तंबाखूचा गुरुवार आला. जागतिक प्रश्नांची पाळी होती आणि विषय संचालकांनी दिला होता, तंबाखूमुक्त जग. छातीच्या रोगांचे एक डॉक्टर आणि अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक असे दोन पाहुणे. कार्यक्रम थेट होता आणि त्या दिवसापासून श्रोत्यांचे फोन घ्यायचे असंही ठरलं होतं. डॉक्टर साधं आणि चांगलं बोलले. प्राध्यापक जागतिक बोलले.

"दक्षिणेकडच्या एका मोठ्या देशात," ते म्हणाले, "शेतकऱ्यांनी स्वतःहून तंबाखू सोडून फुलशेती धरली आहे. आपल्या शेतकऱ्याची जगाकडे दृष्टी नाही. तो आपल्या बांधापलीकडे पाहत नाही."

फोन वाजला. मी नमस्कार करून कोण बोलतंय विचारलं. हे सगळं संभाषण अर्थातच कन्नडमध्ये झालं; माझ्या मराठीत देते.

"मी पिरियापट्टणकडचा. तंबाखू लावतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून म्हैसूरला मुलीच्या घरी आहे. टीव्ही बघू नका म्हणालेत, म्हणून तुमचं ऐकतोय."

"बोला, यजमानरे," मी म्हटलं. कन्नडमध्ये वयानं मोठ्या पुरुषाला असंच म्हणतात.

"ते सर म्हणाले, दक्षिणेकडच्या मोठ्या देशात तंबाखू सोडली. कुठला देश तो?"

मी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी काचेपलीकडे संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी मानेनंच नाही म्हटलं.

"नाव घेता येत नाही," मी म्हटलं.

"का?"

"तसा नियम आहे इथं."

मग तो म्हणाला, "आमची आजी आजोबांचं नाव घेत नसे. तसं आहे का हे?"

डॉक्टर माइकसमोरच हसले. तो माणूस मात्र हसण्यासाठी बोलला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ब्राझील म्हणत असाल तर तिथं सोडलेली नाही," तो सांगायला लागला. "उलट जास्त लावलीय. झिंबाब्वेमध्येही सोडलेली नाही. तिथं या वर्षी पाऊस उशिरा आला, पण लावण झाली. मालावी म्हणत असाल तर..."

संचालकांनी काचेपलीकडून हात हलवला आणि मालावीच्या जागी गणपतीचं गाणं लागलं.

कार्यक्रम संपल्यावर पायऱ्या उतरताना मी प्राध्यापकांना हळूच विचारलं, तुमच्या मनात कुठला देश होता. ते थांबले. "तसा विशिष्ट देश नाही," ते म्हणाले. "एकूण कल आहे."

मी घरी आले तर नवरा दारातच उभा. "नाव घ्यायचं नाही तर उखाण्यात घ्यायचं होतंस," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "दुसऱ्या माणसाला यजमानरे म्हणालीस ते मी ऐकलं हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या आठवड्याच्या तयारीसाठी केंद्रावर गेले होते. दारात काळा चष्मा लावलेला, पासष्टीच्या आसपासचा एक उंच माणूस उभा होता. पांढरी लुंगी, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. मुलीला न सांगता सिटी बसनं आला होता.

"टीचरम्मा कोण?" त्यानं विचारलं.

"मीच."

"माझं वाक्य अर्धं राहिलं होतं."

मी त्याला आत बसवून कॉफी मागवली. त्यानं मालावीचं वाक्य पुरं केलं, मग कॉफी प्यायली. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक, असं मी विचारलं तेव्हा त्याला प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.

"लिलावाला भाव पडला की आम्ही विचारतो का पडला. खरेदीवाले सांगतात, ब्राझीलमध्ये पीक चांगलं आलंय. पहिल्या वर्षी मला वाटलं, ब्राझील म्हणजे कोणी मोठा व्यापारी आहे. पिरियापट्टणला येत नाही, बेंगळुरूत बसून भाव पाडतो. मी त्याला मनात पुष्कळ शिव्या घातल्या. मग मुलीच्या शाळेच्या पुस्तकातल्या नकाशात तो सापडला. एवढा मोठा देश. म्हटलं, याला शिव्या घालून काय होणार. त्यापेक्षा तिथं पाऊस कसा आहे ते विचारत राहावं."

मी तीस वर्षं ब्राझील शिकवला होता. कॉफी, रबर, ॲमेझॉनचं खोरं, राजधानी. राजधानीचं नाव हमखास परीक्षेला यायचं. माझ्या वर्गात पिरियापट्टण आणि हुणसूरकडून वसतिगृहात राहायला आलेली मुलं दरवर्षी असत, तंबाखू लावणाऱ्यांची. त्यांच्या घरच्या जेवणाचा आणि त्या देशातल्या पावसाचा काही संबंध आहे हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. कदाचित त्यांना ठाऊक असेल. मी विचारलं नाही, आणि प्रश्नपत्रिकेतही तो प्रश्न नव्हता.

मी संचालकांकडे गेले आणि सांगितलं, या माणसाची अर्ध्या तासाची मुलाखत घ्यायची आहे. ते म्हणाले, तो कशातला तज्ज्ञ. मी म्हटलं, जागतिक प्रश्नांतला. त्यांनी बराच विचार करून एक तोड काढली: थेट नको, आधी ध्वनिमुद्रित करू. त्यांनी ते ऐकायचं आणि मगच लावायचं.

ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या बाई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून बदली होऊन आलेल्या, चाळीस-पंचेचाळीसच्या, अबोल. त्यांनी त्याला माइकपासून किती लांब बसायचं ते दाखवलं. त्यानं चष्मा काढू का विचारलं. त्या म्हणाल्या, रेडिओला चालतो.

मी पहिलाच प्रश्न अवघड विचारला. तंबाखू माणसाला मारते हे तुम्हाला मान्य आहे का?

"मान्य आहे. मी ओढत नाही. माझा मुलगा ओढताना दिसला तर पाठ फोडीन त्याची."

"मग का लावता?"

"तुम्ही सांगा काय लावू. एक साहेब आले, आलं लावा म्हणाले. लावलं, सडलं. दुसरे आले, त्यांनी एक झाड सांगितलं, त्याचं नाव मला अजून नीट येत नाही. त्याला फळ यायला सात वर्षं लागतात. मी म्हटलं, सात वर्षं तुमच्याकडे जेवायला येऊ का. ते पुन्हा आले नाहीत."

नंतर तो पावसाविषयी बोलला. मागे एकदा ब्राझीलमध्ये पूर येऊन तिथली तंबाखू वाहून गेली. त्या हंगामात पिरियापट्टणच्या लिलावात भाव असा चढला की लोकांनी गावच्या मारम्मादेवीला नारळ फोडले.

"मीही फोडला," तो म्हणाला. "घरी येऊन बायकोला खोबरं दिलं. तिनं विचारलं, कशाचं? मी सांगितलं, तिथं पूर आलाय. ती म्हणाली, तिथल्या बायका आत्ता काय करत असतील? मी म्हटलं, गप्प बस आणि खोबरं खा. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यांचं बुडावं असं मी मागत नाही, टीचरम्मा. पण बुडालं तर मला आनंद होतो, हे खोटं कशाला सांगू. आणि आमच्याकडे पाऊस दगा देतो त्या वर्षी तिथंही कोणाला तरी होत असणार." तो थांबला. "तिथं नारळ फोडतात का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, यजमानरे."

वर्षभरात त्या खोलीत कोणी 'मला माहीत नाही' म्हणाल्याचं मला आठवत नाही. निदान मी तरी म्हटलं नव्हतं.

संचालकांनी सगळं ऐकलं. ऐकताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला, हे मी पाहिलं. "फार छान झालंय," ते म्हणाले. "फक्त देशांची नावं काढून टाका."

"सर, मग उरेल काय?"

"भावना उरेल."

मी वाद घातला. मी राजीनामा देईन म्हटलं. बिनपगारी कामाचा राजीनामा ऐकून ते जरा गोंधळले. पण नियम तो नियम. शेवटी नावं काढायचं काम प्रयोगशाळेच्या बाईंवर पडलं. सतरा ठिकाणी नाव होतं. नुसतं कापलं तर वाक्य लंगडतं, म्हणून तिथं काहीतरी आवाज भरायला हवा होता. त्या उठल्या, जुन्या प्रयोगशाळेत जाऊन एक ट्यूनिंग फोर्क घेऊन आल्या. नाद शिकवताना मुलांना दाखवतात तो दोन दातांचा लोखंडी काटा. चपलेच्या रबरी टाचेवर आपटून त्यांनी तो माइकसमोर धरला. टंऽऽ असा स्वच्छ, गोड आवाज आला. सतरा ठिकाणी त्यांनी तो घातला.

गुरुवारी अकरा वाजता कार्यक्रम लागला. "टंऽऽमध्ये पीक चांगलं आलं की पिरियापट्टणला भाव पडतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, टंऽऽ म्हणजे कोणी मोठा व्यापारी आहे." मी काचेच्या अलीकडे मान खाली घालून बसले होते. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. कार्यक्रम थेट नव्हता, फोन अपेक्षितच नव्हता. मी उचलला.

"चीन," एक बाई म्हणाली.

"काय?"

"उत्तर. पहिल्या घंटेचं. चीन."

मी काही बोलायच्या आत तिनं नाव-पत्ता सांगून फोन ठेवला. लगेच दुसरा आला. मंडी मोहल्ल्यातल्या एका केशकर्तनालयातून, पाठीमागे चार-पाच माणसं भांडत होती. दोघांचं मत क्यूबा, एकाचं ब्राझील, आणि अर्धी दाढी झालेल्या एकाचं असं म्हणणं की दर घंटेला देश वेगळा आहे. एका घरात आजोबा आणि नात ॲटलास उघडून बसले होते. त्यांना घंटा क्रमांक नऊ पुन्हा ऐकायची होती. एकानं बक्षीस काय आहे ते विचारलं. अर्ध्या तासात त्या केंद्रावर जेवढे फोन आले तेवढे आधीच्या वर्षभरात आले नव्हते. रविवारी पुनःप्रसारणाला त्याहून जास्त.

संचालक पहिल्या फोनला पांढरे पडले, दहाव्या फोनला लाल झाले. दुपारी प्राचार्यांनी बोलावून अभिनंदन केलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "श्रोत्यांना विचारप्रवृत्त करण्याचा हा आमचा एक प्रयोग होता."

त्या प्रयोगावर त्यांनी एक निबंध लिहिला आणि दिल्लीच्या परिषदेत वाचला. शाल आणि फ्रेम घेऊन आले. निबंधात ट्यूनिंग फोर्कची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली होती. ज्यांनी तो टाचेवर आपटला त्या बाईंचा उल्लेख नव्हता, शेतकऱ्याचाही नव्हता. पुढे त्यांनी सगळ्याच भागांत टंऽऽ घालायला सांगितलं. इंजिनियर दुसऱ्यांदा आले तेव्हा लोकांनी ऐकलं, की टंऽऽमध्ये मंगळवारी पुठ्ठा टाकतात. नवऱ्यानं घरून फोन करून उत्तर दिलं. बरोबर आलं.

मला मात्र चैन पडेना. तो माणूस डोळ्याची तपासणी झाल्यावर गावी परत गेला होता आणि आमचा आवाज तिथं पोचत नव्हता. आपलं बोलणं लागलं का, लोक काय म्हणाले, त्याला काही कळलं नव्हतं. मुलीकडून पत्ता घेतला, प्रयोगशाळेच्या बाईंकडून पेन ड्राइव्हवर मुलाखत घेतली आणि एका रविवारी नवऱ्याला घेऊन पिरियापट्टणच्या बसमध्ये बसले. बसमध्ये मी त्यांना ठरवून काहीही शिकवलं नाही. हुणसूर गेल्यावर तेच म्हणाले, "काय ग, बरं नाही काय?"

तंबाखूच्या काढणीचे दिवस होते. अंगणात हिरव्या पानांचे ढीग, आणि पाच-सहा बायका ती पानं जोडीजोडीनं लांब काठ्यांना बांधत होत्या. मागे भट्टीची उंच खोली होती, तिच्यात या काठ्या टांगून पानं पिवळी होईपर्यंत शेकतात. शेतकऱ्याचा काळा चष्मा आता गेला होता. डोळे बारीक आणि मिस्कील निघाले. त्यानं बायकोची ओळख करून दिली. ठेंगणी, हात कोपरापर्यंत चिकानं काळे झालेले. तिनं हातातली काठी खाली न ठेवता मान हलवली.

घरात रेडिओ नव्हता, पण मुलाच्या ट्रॅक्टरला गाणी लावायचं यंत्र होतं. पेन ड्राइव्ह त्यात घातला. मुलानं आवाज मोठा केला आणि सगळं अंगण ट्रॅक्टरकडे तोंड करून बसलं.

पहिला टंऽऽ आला तसा तो चपापला. "हे काय?"

मी नियम सांगितला. माझी मान वर होत नव्हती.

"माझं ब्राझील काढलं?"

"हो."

"सगळीकडचं?"

"सतरा ठिकाणी."

तो ट्रॅक्टरकडे बघत राहिला. दुसरा टंऽऽ आला तेव्हा तो जोरात म्हणाला, "ब्राझील." तिसऱ्याला त्याचा मुलगाही म्हणाला. चौथ्याला पानं बांधणाऱ्या बायका हसत हसत म्हणाल्या, आणि पाचव्याला माझा नवरा, सगळ्यांच्या आधी. एकदा सगळे ब्राझील म्हणाले आणि तो ओरडला, "नाही, हे झिंबाब्वे," आणि त्यांनी आपली चूक सुधारली. मी मास्तरीण असताना एवढा चांगला वर्ग मला मिळाला नव्हता.

नारळाची गोष्ट आली तेव्हा त्याच्या बायकोचे हात थांबले. ती शेवटपर्यंत ऐकत होती. 'तिथल्या बायका आत्ता काय करत असतील' हे आपलं वाक्य नवऱ्याच्या आवाजात ट्रॅक्टरमधून आलेलं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. राग होता की लाज, मला कळलं नाही. मुलाखत संपली.

"घरातलं बोलणं म्हैसूरला जाऊन सांगायची काय गरज होती?" ती शेवटी नवऱ्याला म्हणाली.

"टीचरम्मांनी विचारलं, मी सांगितलं."

"सांगायचं तर नीट सांगायचं. ते खोबरं मी खाल्लं नव्हतं. तुम्ही खाल्लंत, दोन्ही वाट्या." मग तिनं मुलाकडे पाहिलं. "तेवढंच परत लाव एकदा."

मुलानं मागे नेऊन लावलं. तिनं पुन्हा ऐकलं, यावेळी पदर न लावता. ऐकून झाल्यावर ती काठी उचलून पानं बांधायला बसली आणि मला म्हणाली, पुढच्या वेळी याल तर बायकांना विचारा, हे लोक अर्धंच सांगतात. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. दोन पानं हातात घेतली, देठ जुळवले, दोरा फिरवला. माझी गाठ सुटली. तिनं माझ्या हातातून पानं घेतली आणि हळू हळू, मला दिसेल अशी, पुन्हा बांधून दाखवली.